पेव

हरिपूरच्या रस्त्याला, हळदीच्या जुन्या वखारीमागं
महापुरानंतर एकच पेव धड उरलं होतं.
आरवाडे मॅडम वाकून आत बघत म्हणाल्या,
"भिंत बांधायला नको. जमीनच भिंत आहे."

शिसं न्यूट्रॉनला दमवत नाही, हे मला तेव्हा कळलं.
त्याला दमवतं पाणी, मेण, ओली माती,
त्याच्याच वजनाचं काहीतरी.
माणूस तरी परक्यानं कुठं दमतो,
भावकीनंच दमतो.

माझा बाप दऱ्याप्पा याच पेवात उतरायचा.
कमरेला दोर, डोक्याला फडकं.
आधी कंदील सोडायचा.
ज्योत टिकली तर माणूस खाली,
विझली तर उद्या.

मी आयटीआय फिटर.
फ्लँजचे बोल्ट समोरासमोर आवळत गेलो,
तांब्याची रिंग दबावी, चिरडू नये.
पंप दोन दिवस फिरत होता,
नळीतली हवा संपता संपेना.
आणि तळाशी बेरिलियमची चकती,
आठ आण्याएवढी, राखी, हलकी.
"कानस लावायची नाही. फुंकायचंही नाही.
हिची धूळ फुप्फुसात घर करते."
माझे हात शिवशिवत राहिले.

ड्यूटेरॉन म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन,
सैल गाठीनं बांधलेले.
कृष्णेच्या पाण्यातही असते ही जोडी,
साडेसहा हजार हायड्रोजनमागं एखादी;
आम्ही ती सिलिंडरमधून विकत आणली, पावतीसकट.
प्रोटॉनवर भार, म्हणून तो ऐकतो,
वीज ढकलेल तिकडं पळतो, चुंबक वळवेल तिकडं वळतो,
आणि त्याच्या हाताला धरून दुसराही.
चकतीवर आदळले की गाठ सुटते.
प्रोटॉन आत राहतो, बेरिलियमचं बोरॉन होतं.
न्यूट्रॉन पुढं निघतो,
आता त्याच्यावर ना विजेची सत्ता, ना चुंबकाची.
फार तर पंधरा-वीस मिनिटांचा धनी,
त्याआधी कुणी पोटात घेतलं तर ठीक.

मंगळवारी रात्री पावणेदोनला किल्ली फिरली.
काहीच दिसलं नाही.
मोजयंत्राची टिकटिक आधी सुटी, बोटांवर मोजण्याजोगी,
मग ताशासारखी,
मग पत्र्यावर जोंधळे ओतल्यासारखी.
कधी न हसणाऱ्या मॅडम हसल्या,
"फुटलं की हो पेव!"

खाली पुडीत चिमूटभर हळद टांगली होती.
तिच्यात मँगेनीज किती, कुठल्या रानातली ती,
हे तिच्याच तोंडून ऐकायचं होतं,
आणि दर अडीच तासाला
तिचं बोलणं निम्मं होणार होतं.

पहाटे यंत्र बंद केलं.
मोजयंत्र दोरानं खाली सोडलं. गप्प.
मी कमरेला दोर बांधला.

बाप चहाची किटली घेऊन आला होता,
म्हणे, आमचं पेव बघून जातो.
कंदील पेटवायला लागला.
"आबा, आता यंत्र आहे त्याला."
"असू दे की."

दीड पुरुष खाली गेला आणि ज्योत बसली.
फडफडली नाही, बसली.
वर घेतला, पेटवला, पुन्हा सोडला.
पुन्हा त्याच खोलीवर.

मॅडम टाकीकडं पळाल्या. काटा पडलेला.
ठिणगी उडू नये म्हणून भरलेला गॅस,
हवेच्या पाचपट जड, ना वास ना रंग,
रात्रभर उतरत होता आमच्या पेवात
आणि पाण्यासारखा साठत होता.

कुणी काही बोललं नाही.
चहावर साय धरली.
खाली हळद निम्मी झाली, मग निम्म्याची निम्मी.
बापानं माझ्या कमरेची गाठ सोडली.
"उद्या," म्हणाला.

मॅडमनी साहित्याच्या वहीत,
पंप, चुंबक, मोजयंत्र यांच्याखाली
शाईपेनानं दोन ओळी वाढवल्या:
कंदील, नग एक.
रॉकेल, अर्धा लिटर.